वाटाण्याचे रोप आणि संसार
जबाबदाऱ्या संपल्यावरच कुतूहलाच्या वाटेला लागावे, हे मत मला पटत नाही. आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके पुढे मुद्रणव्यवसायात पडले आणि चाळिशी ओलांडल्यावर, संसार पाठीशी असतानाच, कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते हे रोज थोडे थोडे चित्रित करीत बसले. तोच लघुपट दाखवून त्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी भांडवल मिळवले. (त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी त्यासाठी आपले दागिने दिले, हे विसरता येत नाही.) मी हिशेबनीस आहे, पणजोबांची गायकवाडी काळातली कागदपत्रे वाचता यावीत एवढ्याचसाठी वर्षभर पहाटे मोडी शिकतो आहे, आणि परवा त्यांचे पहिले पत्र मला पूर्ण वाचता आले.