जिमनीच्या छतावर दिवे लावायचेत: जागा आणि वायरिंगबद्दल सल्ला हवा

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे मारुतीची जिमनी आहे, झेटा मॉडेल, म्हणजे पुढचे दिवे हॅलोजनचे. गाव पाटण तालुक्यात. वरच्या वाडीपर्यंत कच्चा रस्ता आणि त्यापुढे नुसती चाकोरी. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल किंवा रानात वाट चुकलेल्या ट्रेकरना शोधायचं असेल, तर आमच्याकडे गाडी घेऊन जायला दोघं-तिघंच आहोत. तिथे पोहोचल्यावर दोर बांधणं, स्ट्रेचर उचलणं हे सगळं हेडटॉर्चच्या उजेडात करावं लागतं. म्हणून कॅरियर बसवून त्यावर दिवे लावायचा विचार आहे. मनात 50 इंची लाइटबार (लांब पट्टीसारखा एलईडी दिवा) आहे. छताला भोक न पाडता बसेल का? वायर कुठून आणायची? तालुक्याच्या गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो, "हाय बीमच्या वायरीवर जॉइंट मारून देतो, अर्ध्या तासाचं काम." करून घेऊ का?

तारयंत्र_सांगली:
दादा, हाय बीमवर जॉइंट अजिबात मारून घेऊ नका. ती वायर आणि तिचा फ्यूज कंपनीने हेडलाइटपुरतेच धरलेले असतात. 120 वॅटचा बार 12 व्होल्टला 10 अँपिअर ओढतो. तेवढा भार वाढला की फ्यूज उडतो. मग कुणीतरी मोठा फ्यूज घालून देतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो.

बॅटरीच्या प्लसवरून स्वतंत्र वायर घ्या. टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत 15 अँपिअरचा फ्यूज, झाकण असलेल्या होल्डरमध्ये. तिथून रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) 30 नंबरच्या पिनला, आणि 87 वरून दिव्याला. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून 86 ला करंट द्या, 85 बॉडीला अर्थ करा. म्हणजे स्विचमधून जेमतेम पाव अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि तो तापत नाही.

आता वायरची जाडी. बाजारात तयार हार्नेस (वायरिंगचे संच) मिळतात, त्यातल्या स्वस्त हार्नेसमध्ये तांबं फार कमी असतं. बॅटरी ते छत सुमारे 4 मीटर, म्हणजे जाऊन येऊन 8. एवढ्या अंतरात 10 अँपिअरला 1 चौरस मिमीच्या वायरीत जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो. 2.5 ची घेतली तर 0.6 च्या आसपास, आणि 4 ची घेतली तर 0.4 च्या आत. मी 4 ची घ्या म्हणेन. दिव्यातले हजार रुपये कमी करा, पण वायरीत काटकसर नको. मायनसही कॅरियरच्या स्क्रूला अडकवू नका. पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि दिवे लुकलुकायला लागतात. परतीची वायर सरळ खाली आणून इंजिनाजवळच्या अर्थ पॉइंटला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) मारून पक्की करा.

घाटमाथा:
वायरिंगचं वर आलंच आहे, मी दिव्यांबद्दल बोलतो. तुमचं काम वाचून वाटतं की 50 इंची बार तुम्हाला नकोच. तुम्हाला उजेड हवा आहे तो गाडी थांबल्यावर, आणि तोही बाजूला आणि मागे. दोन्ही कुशींना एकेक आणि मागे दोन असे 18 वॅटचे चार फ्लड (उजेड रुंद पसरवणारे) वर्कलाइट घ्या. चारांचे मिळून 6 अँपिअर होतात. थोडे खाली झुकवून लावले की स्ट्रेचर उचलणाऱ्याच्या पायाखालचे दगड नीट दिसतात. पुढे हवाच असेल तर 20 इंची छोटा बार पुरे.

छतावरच्या पुढच्या दिव्याची एक अडचण कोयनेच्या बाजूला हमखास जाणवणार, ती म्हणजे धुकं. दिवा डोळ्यांच्या वर आणि जवळ असला की धुक्याच्या थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. जोराच्या पावसातही तेच. धुक्याचे दिवे खाली बंपरला लावतात ते यामुळेच. शिवाय जिमनीचं बॉनेट सपाट आणि चौकोनी, त्यावरही उजेड चमकतो. बार कॅरियरवर जरा मागे सरकवा, म्हणजे छताच्या कडेची सावली बॉनेटवर पडते. रंग 6000 केल्विनचा निळसर पांढरा घेऊ नका. 4000 च्या आसपासच्या उजेडात ओली माती, दगड आणि पालापाचोळा वेगवेगळे ओळखू येतात.

भोकाची गरज नाही. जिमनीच्या छताच्या दोन्ही कडांना पन्हळ आहे, क्लॅम्पचं कॅरियर तिच्यावर बसतं. फक्त मॅन्युअलमधली छताची वजनमर्यादा बघून कॅरियर निवडा.

नियमपुस्तक:
ही बाजूही लक्षात घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 111 सांगतो की गाडीच्या पुढच्या भागावर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. तुमचं काम खरोखरच त्या प्रकारचं आहे, तर पोलीस ठाण्याचं किंवा तहसीलदारांचं पत्र जोडून आरटीओकडे रीतसर अर्ज करा. दिव्यांवर काळं कव्हर चढवलं म्हणून नियम बदलत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवा. कुठे आग लागली तर सर्व्हेअर आधी बाहेरून केलेलं वायरिंग बघतो.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोठ्या बारचा विचार सोडला. चार वर्कलाइट घेतो, पुढच्या दिव्याचं परवानगी मिळाल्यावर बघू. दोन शंका आहेत. वायर आतून, काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकखालून नेली तर दिसणार नाही, ते चालेल का? आणि आमच्याकडे व्हीएचएफ वायरलेस सेट आहे, त्याला काही त्रास?

तारयंत्र_सांगली:
आतून नको! जिमनीला सहा एअरबॅग आहेत, त्यातल्या पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन त्याच खांबाच्या वरून छताच्या कडेने जातात. त्यांच्या वाटेत वायर असता कामा नये. बॉनेटच्या कोपऱ्यातून बाहेर काढा, काचेच्या कडेने स्लीव्ह घालून वर न्या आणि पन्हळीत क्लिपने बसवा. स्विचची बारीक वायर तेवढी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) रबरी ग्रोमेटमधून आत घ्या. आत शिरण्याआधी वायरीला खाली छोटा झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. चार वर्कलाइटना फ्यूज 10 अँपिअरचा पुरे.

वायरलेसचा प्रश्न योग्य विचारलात. स्वस्त एलईडीतल्या ड्रायव्हरमुळे (करंट सांभाळणारं सर्किट) व्हीएचएफवर खरखर येते आणि लांबचा आवाज ऐकूच येत नाही. कायमचं फिटिंग करण्याआधी दिवा नुसता बॅटरीला लावून सेट चालू करा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) उघडा आणि ऐका. खरखर वाढली तर तो दिवा दुकानदाराला परत करा. शोधमोहिमेत उजेडापेक्षा ऐकू येणं जास्त मोलाचं आहे.

घाटमाथा:
आयपी 67 चं रेटिंग बघून घ्या, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याइतकं सील. धुवायला गेल्यावर मात्र प्रेशर वॉशरची धार दिव्यांवर धरू देऊ नका. आणि थांबल्यावर इंजिन चालूच ठेवा. 40-45 अँपिअर-तासांची बॅटरी असली तरी 6 अँपिअरने तीन तास दिवे जळले की पहाटे स्टार्टर फिरेलच असं नाही.

तारयंत्र_सांगली:
हो. आणि कामाला हात घालण्याआधी बॅटरीची मायनस काढा, ती सगळ्यात शेवटी लावा. त्या इलेक्ट्रिशियनला हा धागा दाखवा, कुठे अडला तर इथेच फोटो टाका.