‘पदे उलटव’ : श्लेष जिवंत कधी असतो?

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अलंकारांपाशी आली आणि अडली. श्लेषाचं ठरलेलं उदाहरण समोर होतं : ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ मित्र म्हणजे सखा आणि मित्र म्हणजे सूर्य. ती म्हणाली, “मामा, सूर्याला मित्र कोण म्हणतं? मग यात गंमत कुठे आहे? आणि श्लेष आणि कोटी यांत फरक तरी काय?”

पहिला प्रश्न अगदी बरोबर आहे. सूर्यनमस्कार घालताना ‘ॐ मित्राय नमः’ म्हणणारा माणूस सोडला, तर ‘मित्र’चा तो अर्थ आपल्या बोलण्यात नाही. श्लेषाला दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून असावे लागतात. एक अर्थ कोशात जाऊन शोधावा लागला, की अलंकार ओळखता येतो, पण हसू येत नाही. ‘औषध नलगे मजला’चंही तेच. ‘न लगे’ म्हणजे नको, आणि ‘नल गे’ म्हणजे अगं, नल हेच माझं औषध. दमयंतीच्या तोंडी हे किती गोड आहे! पण ‘न लगे’ आपल्या बोलीतून गेलं आणि त्याची अर्धी गोडीही गेली.

मग मी तिला शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या पाचव्या अंकातला प्रसंग वाचून दाखवला. आभाळ भरून आलंय आणि नायिका वसंतसेना नायक चारुदत्ताकडे यायला निघाली आहे. ही वर्दी घेऊन पुढे आलेला तिचा नोकर कुंभीलक आधी मैत्रेयाला, म्हणजे विदूषकाला, खडे मारतो आणि मग कोडं घालतो. आंब्याला मोहोर कधी येतो? विदूषक ग्रीष्म म्हणून चुकतो, चारुदत्ताला विचारून येतो : वसंत. भरभराटीच्या गावांचं रक्षण कोण करतं? पुन्हा चारुदत्ताकडे धाव : सेना. आता दोन्ही जोडून सांग. विदूषक म्हणतो, सेनावसंत. कुंभीलक म्हणतो, अरे, उलटून म्हण. विदूषक स्वतःच गर्रकन उलटा फिरतो आणि म्हणतो, सेनावसंत! अरे मूर्खा, पदे उलटव. तो पाय उलटे करतो आणि पुन्हा तेच. शेवटी ‘अक्षरांची पदे’ अशी फोड करून सांगावं लागतं, तेव्हा कुठे ‘वसंतसेना’ बाहेर येते.

हा श्लेष कवीने नायकाच्या श्लोकात ठेवलेला नाही. नोकर आणि विदूषक बोलतात ते प्राकृतात. लोकांच्या तोंडच्या भाषेत पद म्हणजे पाऊल आणि पद म्हणजे शब्द हे दोन्ही अर्थ चालू होते, म्हणून नटाने नुसते पाय फिरवले तरी प्रेक्षागृह हसलं असणार.

भाची हसली, पण क्षणभर थांबून. तिच्या कानात पद म्हणजे हुद्दा. ‘रिक्त पदे’, ‘पदभरती’ हेच ती रोज वाचते. माझ्या आजीसाठी पद म्हणजे नाटकातलं गाणं होतं. पाऊल हा अर्थ ‘सप्तपदी’त आणि ‘पदयात्रे’त उरलाय, सुटा कुणी वापरत नाही. आज मराठीत हा विनोद करायचा तर मी ‘चरण’ घेईन. चरण पायालाही म्हणतात, ओवीलाही चार असतात. शब्दाऐवजी ओळ येईल, पण नटाचे पाय फिरतील आणि हसू लगेच येईल. माझ्या मते भाषांतरकाराने शब्दापेक्षा हे हसू आधी वाचवावं.

देवलांच्या ‘शारदा’ या नाटकात (1899) तर नावंच बोलतात. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप कांचनभट. आणि नवरदेव भुजंगनाथ. भुजंग म्हणजे साप हे सगळ्यांना कळतं, तेवढ्यानेही काम होतं. पण संस्कृतात भुजंग म्हणजे विलासी, बाहेरख्याली पुरुषसुद्धा. ज्याला दुसरा अर्थ ठाऊक आहे त्याला नावाचा दंश जास्त लागतो, आणि ज्याला नाही तोही उपाशी राहत नाही. नाटकातला श्लेष असा हवा.

रोजच्या बोलण्यात सगळ्यात टवटवीत शब्द मला ‘पात्र’ वाटतो. भांडं, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र, परीक्षेला पात्र, आणि शेजारच्या खटपट्या माणसाकडे बघून “काय पात्र आहे!” एकही अर्थ कोशात पुरलेला नाही.

राहिला भाचीचा दुसरा प्रश्न, श्लेष आणि कोटी यांतला फरक. श्लेष ‘श्लिष्’ धातूतून येतो, म्हणजे बिलगणं. आश्लेष म्हणजे आलिंगन, आणि घशाला चिकटणारा श्लेष्माही त्याच घरचा. एका शब्दाला दोन अर्थ बिलगलेले असतात, तो श्लेष. कोटी म्हणजे मूळ टोक, धनुष्याचं टोक. न्यायशास्त्रात संशयाला दोन कोटी असतात : समोर आहे तो खांब की माणूस? श्लेष शब्दात असतो, कोटी माणूस करतो. ऐकणाऱ्याला क्षणभर दोन टोकांमध्ये उभं करतो.

परवा भाची कागदपत्रं तपासायला गेली होती. पाच तास रांगेत उभी राहून घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, “मामा, पदं भरायची तेव्हा भरतील, माझे पाय मात्र आजच भरून आले.”