टॅरोतला ससाणा आणि माझा अडलेला आवाज

डिचोलीकरीण:
मी 41 वर्षांची. आठवीत समूहगीताच्या तालमीत बाई म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." आजतागायत तेच करतेय. चवथीला घरच्या आरतीतही टाळ तेवढे वाजवते. आता वाड्यावरच्या महिला भजनी मंडळाला एक अभंग म्हणणारी हवी आहे आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघतायत, कारण पाठांतर माझं पक्कं.
वर्षभर टॅरो शिकतेय, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून अर्थ लावायला; माझ्याकडे रायडर-वेटचा संच आहे. गाऊ की नको, याच प्रश्नावर तीनदा पान काढलं, तिन्ही वेळा नाइन ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे नऊ नाण्यांचं पान. अर्थ सगळीकडे एकच: समृद्धी, स्वावलंबन. माझ्या गळ्याशी त्याचा काय संबंध? पानातल्या प्राण्यांवरून कसं वाचतात, कोणी सांगेल का?

फोंड्याची_माई:
बाय, अर्थ बाजूला ठेव, चित्र बघ. द्राक्षांच्या मळ्यात उभ्या बाईच्या हातावर ससाणा आहे. त्याच्या डोळ्यांवर टोपी आहे, दिसली? शिकारी पक्षी पाळणारे ती घालतात, तो बिथरू नये म्हणून. अंधार झाला की तो गप्प बसतो. पंख शाबूत, नजर शाबूत. आणि टोपी काही त्याने स्वतः चढवलेली नसते. तुझ्यावर ती आठवीत चढली.
हा ससाणा जुन्या मार्सेय संचात सापडणार नाही, तिथे या पानावर नुसती नऊ नाणी. तो तुझ्या रायडर-वेट संचात, 1909 साली, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढला. ती नाटकमंडळींबरोबर फिरलेली बाई, म्हणून तिच्या चित्रांत कोण काय करतंय ते बघावं.
माझं सांगते. हे गेले तेव्हा "मला व्यवहार कळत नाही" हे माझं पालुपद होतं. मी टॅरोतलं स्ट्रेंग्थ, म्हणजे बळाचं पान, देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. त्यातल्या बाईकडे शस्त्र नाही. अंगावर फुलांची माळ, आपल्या अबोलीच्या वळेसरासारखी, आणि उघडे हात सिंहाच्या जबड्यावर. सिंह मेलेला नाही, हे मला फार दिवसांनी दिसलं. भीती मरायची वाट बघत मी बसले होते. महिन्याभराने बँकेत जाऊन फॉर्म स्वतः भरला. हात थरथरत होता, पण भरला.

सांखळीकर:
ताई, 78 पानांत तेच पान तीनदा आलं तर आधी पानं नीट पिसा. मी भविष्य म्हणून टॅरो मानत नाही. पण माईंची रीत मला पटते. पान उघडंच समोर ठेवा आणि ससाण्याच्या तोंडून पाच ओळी लिहा: टोपी कोणी घातली, तेव्हा कशाचा गलबला होता, आता तो आहे का. वहीतच लिहा, मोबाइलवर नको.

डिचोलीकरीण:
माई, काल रात्री लिहायला बसले. तिसऱ्या ओळीला रडू आलं. त्या वर्गात आम्ही 40 मुली होतो, स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती, बाईंचा स्वतःचा घसा बसलेला. हे मला इतक्या वर्षांत आठवलंच नव्हतं.
मग पानाच्या खालच्या कोपऱ्यात गोगलगाय दिसली. पावसात आमच्या तुळशीवृंदावनावर चढतात तशीच. आज दुपारी घरात कोणी नसताना अभंगाची पहिली दोन चरणं मोठ्याने म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी थांबले नाही. संध्याकाळी पेटीवालीला फोन केला. ती म्हणाली, काळी चारची पट्टी तुला उंच पडेल, खालच्या पांढरी चारने धर. गुरुवारी तालीम आहे.