मदत हवी आहे: वडिलांना प्रसंग आठवतो पण बारकावे चुकतात, हे वयाचं की आजाराचं?

सातारकरीण:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं पण परवा घरात जे झालं त्यानंतर राहवेना. पोस्ट जरा मोठी आहे, पण पूर्ण वाचा प्लीज.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय 73. एसटीत कंडक्टर होते, 34 वर्षं सर्व्हिस करून 2010 ला रिटायर झाले. पत्र्याची पेटी, पंच आणि वेबिल (फेरीत विकलेल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद) या काळातला माणूस. सातारा-मेढा-केळघर-महाबळेश्वर रूटचे सगळे थांबे आजही पाढे म्हटल्यासारखे म्हणून दाखवतात. मी लग्न होऊन पुण्यात, आबा आणि आई साताऱ्यात भाऊ-वहिनीकडे. शुगर आहे, 11 वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, बीपीची गोळी सकाळी एक. बाकी तब्येत ठणठणीत, रोज सकाळी चारभिंतीपर्यंत चालत जाऊन येतात.

गेलं वर्ष दीड वर्ष असं होतंय की त्यांना गोष्ट आठवते पण तिच्यातला नेमका भाग सरकलेला असतो. म्हणजे डॉक्टरांकडे गेलो होतो हे पक्कं, डॉक्टर काय म्हणाले ते पण बरोबर, पण वार चुकणार. कराडचं लग्न आणि इस्लामपूरचं लग्न दोन्ही आठवतात, पण पाऊस कुठल्या लग्नात पडला ते उलट सांगणार आणि ठामपणे सांगणार. 1967 च्या कोयनेच्या भूकंपाची हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकतोय, 11 डिसेंबरची पहाट, आबा 15 वर्षांचे, पाटण तालुक्यात गावी होते. आधी सांगायचे की आजीने हाताला धरून अंगणात ओढलं, आता सांगतात चुलत्यांनी ओढलं. आत्या म्हणते आजीनेच. हे सगळं आम्ही चालवून घेत होतो.

परवा दुधाच्या पैशांवरून झालं. आबा म्हणाले मी सूनबाईला 2,500 दिले, वहिनी म्हणाली 1,500 दिले. आबांचा आवाज चढला, "चौतीस वर्षं कॅश मोजली, डेपोत एक रुपया शॉर्ट नाही आला माझा." वहिनी रडत आत गेली. मग भावाने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आमच्याकडे दूध कॅलेंडरवरच मांडतात, तर मागच्या महिन्यात बारशाला जादा दूध घेतलं होतं त्याचे 2,500 होते आणि या महिन्याचे 1,500. म्हणजे आबा खोटं बोलत नव्हते, वहिनीही नाही, आबांनी मागच्या महिन्याचं देणं या महिन्यात आणलं होतं. कॅलेंडर बघून आबा गप्प झाले, दोन दिवस जेवायला सुद्धा नीट बसले नाहीत.

आणि मला जास्त भीती वाटली ती गोळ्यांची. बीपीची 15 गोळ्यांची स्ट्रिप 1 तारखेला फोडली होती. 12 तारखेला संध्याकाळी भावाने बघितलं, 3 उरायला पाहिजेत तर 5 होत्या. आबा शपथेवर सांगतात रोज घेतली, चहाच्या आधी, तांब्यातलं पाणी घेऊन. तांब्या सुद्धा आठवतो त्यांना!

तर प्रश्न असा की हे वयाप्रमाणे होतं तेवढंच आहे की डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात? कुठल्या टेस्ट करायच्या, आणि त्यांना न दुखावता हे बोलायचं कसं? एकदा एका डॉक्टरांना विचारलं तर "वय झालं, चालायचंच" म्हणून दोन मिनिटात बाहेर काढलं.

नीराकाठ:

ताई, आमच्या सासूबाईंचं सेम. गोळ्यांचं आजच सोडवा, बाकीचं नंतर. मेडिकलमध्ये सात कप्प्यांची डबी मिळते, सोमवार ते रविवार, दर रविवारी भावाने भरायची. कप्पा रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे नाही, आठवायचा प्रश्नच येत नाही. एकच सांगते, चुकून राहिली असं वाटलं तर अंदाजाने दुसरी घेऊ देऊ नका, आमच्याकडे शुगरची डबल झाली होती आणि रात्री घाम फुटून सगळ्यांची पळापळ.

मेंदूचा_अभ्यास:

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रात एमए केलंय आणि स्मरणशक्ती हाच विषय होता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही जे वर्णन केलंय ना, प्रसंग आहे पण नेमकेपणा सरकलाय, यावर फार चांगलं काम झालंय. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांचा 2020 चा अभ्यास आहे. तरुण आणि वयस्कर लोकांना रोजच्या वस्तूंची चित्रं दाखवली, प्रत्येक वस्तू स्क्रीनवर ठराविक जागी, ठराविक रंगाची, ठराविक दिशेला वळलेली. नंतर "हे बघितलं होतं का, हो की नाही" असं न विचारता एक गोल डायल दिला आणि तो फिरवून रंग किंवा जागा जशी होती तशी लावा म्हणाले. त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या मोजता आल्या, आठवण सापडलीच नाही हे एक, आणि सापडली पण थोडी इकडे तिकडे लागली हे दुसरं. तीनही प्रयोगांत वयस्कर लोकांचा नेमकेपणा कमी निघाला, पण आठवण अजिबात न सापडणं हे मात्र फक्त सगळ्यात अवघड भागातच तरुणांपेक्षा जास्त होतं. ही सगळी निरोगी माणसं होती, पेशंट नव्हते. तेव्हा नेमकेपणा कमी होणं हे आपोआप आजाराचं लक्षण होत नाही.

दुधाच्या पैशांचं आणि गोळीचं कारण एकच असावं असं मला वाटतं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, त्यातला एक छोटा तुकडा दोन सारख्या प्रसंगांना वेगवेगळं ठेवायचं काम करतो. वय वाढलं की हे वेगळं ठेवणं ढिलं पडतं आणि आजचा प्रसंग कालच्या जुन्या खाच्यात जाऊन बसतो. यावर एक चाचणी आहे, आधी काही वस्तूंची चित्रं दाखवतात, मग थोडीशी वेगळी पण तशीच दिसणारी चित्रं मिसळून विचारतात. वयस्कर लोक पूर्ण नवीन वस्तू नवीन म्हणून ओळखतात, पण सारखी दिसणारी असली की "हीच बघितली होती" म्हणतात. आता विचार करा, रोज तोच चहा, तोच तांब्या, तीच गोळी. आबांना तांब्या आठवतो तो खराच आहे, फक्त कालचा आहे. म्हणून त्यांना शंका येत नाही. तुम्ही उलटतपासणी घेतलीत तर ती आठवण त्यांना अजूनच पक्की वाटेल.

भूकंपाबद्दल, ते फक्त म्हातारपणामुळे असं धरू नका. 1986 मध्ये अमेरिकेत चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कोणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांनी वेगळंच सांगितलं आणि तेही छातीठोकपणे. विशीतली मुलं होती ती. कोयनेच्या पहाटेला तर अठ्ठावन्न वर्षं झाली, आणि दर वेळी सांगताना आठवण थोडी थोडी परत घडवली जाते.

जनरल_प्रॅक्टिस_कोल्हापूर:

वरच्यांनी छान समजावलंय. मी एमडी मेडिसिन आहे, पण बघितल्याशिवाय निदान होत नाही हे लक्षात ठेवून वाचा.

11 वर्षं मेटफॉर्मिन हे वाचून मी थांबलो. त्याने व्हिटॅमिन बी12 कमी होऊ शकतं. आबा शाकाहारी आहेत का? असतील तर शक्यता अजून वाढते. बी12 आणि थायरॉईडची टीएसएच आधी करून घ्या, ही सुधारता येण्यासारखी कारणं आहेत आणि ती बघितल्याशिवाय "वय झालं" म्हणणं मला पटत नाही. दुसरं, घरात सर्दीची, झोपेची किंवा लघवी सारखी होते म्हणून कुठली गोळी चालू आहे का बघा. यातल्या काही गोळ्या वयस्कर माणसाच्या स्मरणशक्तीवर परिणाम करतात, आणि सर्दीची तर लोक दुकानातून परस्पर आणतात आणि आम्हाला सांगतच नाहीत. तिसरं कान. नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी 14 कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आहे. झोप लागते का, घोरतात का, मन उदास आहे का हेही सांगा डॉक्टरांना.

मग 30 मार्कांची एक छोटी चाचणी असते, मोका म्हणतात, दहा-पंधरा मिनिटं लागतात. घड्याळ काढणं, पाच शब्द लक्षात ठेवणं वगैरे.

मला काळजी कधी वाटेल ते सांगतो. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, पाच मिनिटांत तोच प्रश्न परत, आठवण करून दिली तरी प्रसंगच न आठवणं, सुट्या पैशांचा हिशोब न जमणं, स्वभाव बदलणं. कॅलेंडर दाखवल्यावर आबांना पटलं, ही मला बरी खूण वाटते. आणि दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर थांबूच नका, इन्फेक्शन किंवा सोडियम कमी होणं असू शकतं, लगेच दवाखाना. आपल्या देशात साठीच्या पुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण 7.4 टक्के निघालंय, म्हणजे बहुसंख्य लोकांना तो नसतो हेही आबांना सांगा.

ओसरी:

एक विनंती, घरातल्यांनी रोज परीक्षा घेणं बंद करा. "आबा, सांगा बरं काल काय खाल्लं", हे माझ्या वडिलांना आम्ही इतकं केलं की ते बोलायचेच बंद झाले. त्यांची चूक पाहुण्यांसमोर दुरुस्त करू नका, पाऊस कराडला पडला की इस्लामपूरला त्याने काय बिघडतंय. पैसे आणि गोळ्या एवढंच लिहून ठेवा, बाकी त्यांना सांगू द्या.

सातारकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी अपडेट देतेय.

आबा माळकरी आहेत, मांस-मच्छी काहीच नाही, त्यामुळे डॉक्टरांचं वाचून पोटात गोळाच आला होता. बी12 खरंच कमी निघालं, 148. इंजेक्शनं सुरू झालीत. थायरॉईड नॉर्मल. सर्दीची एक गोळी आबा महिनोन् महिने रात्री झोप लागते म्हणून घेत होते, आईला माहीत होतं, आम्हाला कोणालाच नाही! ती बंद केली. मोकामध्ये 24 आले, शिक्षण दहावीपर्यंत म्हणून एक मार्क वाढवून 25. नवीन डॉक्टर म्हणाले 26 पासून पुढे नॉर्मल धरतात, हे काठावर आहे, बी12 भरून आल्यावर सहा महिन्यांनी परत करू, आत्ता कुठलंही नाव द्यायला नको.

ओसरी, तुमचं वाचून मी फोनवरून सुद्धा परीक्षा घेत होते ते थांबवलं. डबी आणली पण आबांना ती काही आवडली नाही, लहान पोरासारखं वाटतं म्हणाले. मग मीच त्यांना म्हटलं, आबा, पूर्वी प्रत्येक स्टेजला वेबिल का भरायचा, लक्षात नव्हतं राहत म्हणून? म्हणाले, "छे, लक्षात किती बी असू दे, चेकर आला तर कागदच दाखवावा लागतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले, तारीख, वेळ, गोळी, दिलेले पैसे, कोणाला, सही. आता वहिनीला दुधाचे पैसे दिले की तिची सही घेतात आणि ती पण हसून करते. डबी पण वापरतात, वहीशी ताळा करायला.

आता अडलंय कानापाशी. तपासणीत दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं असं निघालंय, मशीन घ्या म्हणाले, पण आबा कानात घालायला अजिबात तयार नाहीत, चाचणीपुरतं घातलं आणि म्हणाले की भांडी आपटल्यासारखा आवाज येतो. कोणाच्या घरी असं झालंय का, सवय व्हायला किती दिवस लागले, आणि सुरुवातीला दिवसातून किती वेळ घालायला लावलं ते सांगाल का?