अनुभव हवेत: कुत्र्याची खाज आणि खाण्याची अ‍ॅलर्जी

आमची लॅब्रॅडॉर वर्षभर पंजे चाटते. कानाचं इन्फेक्शन औषधाने जातं, पुन्हा येतं. पिसवा नाहीत, ऋतू बदलला तरी फरक नाही. डॉक्टरांनी एलिमिनेशन डाएट सुचवलंय, म्हणजे नेहमीचं सगळं बंद करून काही आठवडे एकच ठरावीक खाणं देऊन बघायची चाचणी. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. घरात निभावलं कसं, ते विशेषकरून.

*

आमचा बीगल, म्हणजे जन्मजात चोर. त्याला हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं खाणं दिलं. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला सहसा ती ओळखू येत नाहीत. कमीत कमी आठ आठवडे फक्त तेच आणि पाणी, असं बजावलं होतं. पोटाच्या तक्रारी लवकर थांबतात, कातडीला वेळ लागतो. खरी लढाई खाण्याशी नव्हतीच, माणसांशी होती. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणारे पाहुणे, जेवताना निम्मं खाली सांडणारा धाकटा, मांजराची वाटी. शेवटी मांजराचं जेवण कपाटावर गेलं आणि धाकट्याच्या जेवणाच्या वेळी बीगल दुसऱ्या खोलीत. बक्षीस म्हणून त्याच खाण्याचे दाणे खिशात ठेवायचो. हळूहळू खाज उतरली.

*

चघळायच्या जंताच्या गोळ्या आणि कुत्र्यांची टूथपेस्ट, दोन्हींना बहुतेक वेळा मांसाची चव लावलेली असते. डाएट चालू असेपर्यंत बिनचवीचा पर्याय डॉक्टरांकडे मागा. औषध परस्पर बंद करू नका.

*

आम्ही आधी रक्ततपासणी केली होती. लांबलचक यादी आली, त्यात त्याने जन्मात न चाखलेले पदार्थसुद्धा! दुसऱ्या डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या तपासण्या भरवशाच्या नाहीत म्हणाले.

*

‘ग्रेन-फ्री’ म्हणजे धान्य नसलेल्या खाण्याच्या मागे लागू नका, एवढंच सांगते. गव्हाची अ‍ॅलर्जी असते काही कुत्र्यांना, पण बीफ, दुधाचे पदार्थ आणि चिकन ही नावं जास्त वेळा निघतात. आणि वर्षानुवर्षं जे बिनतक्रार खाल्लं, त्याचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. आमच्या पामेरियनला चिकनचीच निघाली. दुकानातल्या ‘एकच मांस’वाल्या पाकिटांत दुसऱ्या मांसाचे अंश सापडू शकतात, म्हणून चाचणीपुरतं तरी डॉक्टरांनी सांगितलेलंच घ्या.

*

आमच्याकडे उलटं झालं. सगळं काटेकोर पाळलं, खाज जशीच्या तशी. मग निदान झालं अ‍ॅटॉपीचं, म्हणजे धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी. दिसायला दोन्ही सारखीच, काही कुत्र्यांना दोन्ही असतात. तरी चाचणी फुकट गेली असं मला वाटत नाही. आता तो काहीही खातो आणि खाजेवर वेगळं औषध चालू आहे.

*

धागाकर्तीला: कानातलं इन्फेक्शन आधी पूर्ण बरं करून घ्या, नाहीतर खाज कशाची तेच कळणार नाही. आणि फरक पडला की बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नका, जुनं खाणं परत द्या. खाज उलटली तरच निदान पक्कं, बहुधा दोन आठवड्यांत कळतं. मग एकेक पदार्थ वेगवेगळा देऊन बघा. आमच्या कुत्रीला अंडं चाललं, दूध नाही.