नोकरी, दोन लेकरं आणि अर्धवट राहिलेली केळीची बाग. चित्रासाठी वेळ कसा काढता? मदत हवी आहे

केळीचं पान (जळगाव)

नमस्कार. एटीडी म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली होती, पण शाळेत नोकरी मिळाली नाही. गेली नऊ वर्षं इथल्या एका डाळ मिलच्या ऑफिसात हिशेब बघते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. यांची ड्युटी भुसावळला रेल्वेत. कधी रात्रपाळी, कधी पहाटे निघायचं, त्यामुळे आठवड्याचं गणित आज बसवलं तर उद्या मोडतं. सासूबाई दिवसभर दोघांना सांभाळतात. मी घरी आल्यावर पुन्हा त्यांच्याच हातात बाळ देऊन "मी जरा चित्र काढते" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी जलरंगात काम करते. माहेर यावल तालुक्यातलं, केळीचं. केळीच्या बागेची सहा चित्रं करायची फार दिवसांपासून मनात आहे. एक झालं, दुसरं फेब्रुवारीपासून पाटावर तसंच पडून आहे. बागेत उभं राहून उन्हाकडे बघितलं की पान पिवळसर हिरवं पेटल्यासारखं दिसतं, आणि तेच पान वरच्या अंगाने बघितलं तर त्यावर आभाळ उतरून ते निळसर, जवळजवळ राखाडी होतं. वाऱ्याने पानाच्या चिंध्या झाल्या की हे दोन्ही हिरवे शेजारीशेजारी येतात. मला तेवढंच पकडायचं आहे.

रात्री साडेदहाला बाळ झोपतो. ओटा, सकाळच्या डब्याची तयारी करता करता अकरा वाजतात. मग चाळीस-पन्नास मिनिटं माझी. त्यातली पंधरा मांडामांडीत जातात आणि दहा आवरण्यात, कारण बाळ दिसेल ते तोंडात घालतो, एक ट्यूबही खाली ठेवता येत नाही. नवीन तुरीच्या हंगामात ऑफिसातून निघायलाच आठ वाजतात, तेव्हा तर ब्रश हातातच घेतला नाही. शिवाय रात्री ट्यूबलाइटखाली जुळवलेला हिरवा सकाळी बघावा तर भलताच निघतो. आणि आता मे महिना. कूलर चालू असला तरी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत पहिलं टोक सुकून कडा पडते.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. गेल्या रविवारी दुपारी बाळ झोपला होता आणि महिन्याभरात पहिल्यांदाच मी दिवसाउजेडी बसले. आभाळाचा वॉश ओला होता. मुलगी मागून आली, "मम्मी, इथे पक्षी पाहिजे" म्हणाली आणि बोट फिरवलं. मी ओरडले. खूप जोरात ओरडले. ती रडली नाही. तिने तिच्या खडूंची डबी उचलली आणि दप्तरात नेऊन ठेवली. आज चौथा दिवस आहे, ती डबी बाहेर आलेली नाही. कागदावर ते बोट अजून दिसतं, खालून वर गेलेली फिकट रेघ आणि शेवटी छोटासा गोल.

ज्यांची लेकरं लहान आहेत आणि नोकरीही आहे, त्यांनी सांगा, तुम्ही चित्राची कामं कशी वाटून घेता? वीस मिनिटांत हाती काही लागेल असं माध्यम कोणतं? आणि लेकीशी आता काय बोलू?

तापीकाठ (भुसावळ)

ताई, मी नर्स आहे, दोन मुलं आहेत, रांगोळीपलीकडे चित्रकला येत नाही. पण शेवटचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तिला खाऊ किंवा नवीन खडू आणून देऊ नका. "मी ओरडले ते चुकलं, तू पक्षी काढलास म्हणून राग आला नव्हता, कागद ओला होता म्हणून घाबरले," एवढं तिच्याजवळ खाली बसून सांगा. पाच वर्षांच्या पोरीला ओला आणि सुका कागद यातला फरक नीट कळतो, हात लावून दाखवा.

दुसरं, सासूबाई नाही म्हणतील हे तुम्हाला त्यांनी सांगितलं की तुम्हीच धरून चाललात? माझ्या घरी दोन वर्षं मी न विचारताच कुढत बसले होते.

निवृत्त कलाशिक्षक (धुळे)

ताई, तुमचा वेळ कमी आहे, पण तुम्ही रात्रीच्या वेळेत दिवसाचं काम करताय. हिरवा रंग रात्री जुळवूच नका. सुटीच्या दिवशी खिडकीत पंधरा मिनिटं बसून कागदाच्या पट्टीवर तुमच्या दोन्ही हिरव्यांचे आठ-दहा नमुने करा आणि प्रत्येकाखाली पेन्सिलने लिहा, कोणता पिवळा, कोणता निळा, अंदाजे किती. रात्री ती पट्टी शेजारी ठेवून तेच मिश्रण करायचं, डोळ्यांवर विसंबायचं नाही. दिवा बदलता आला तर खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आणि उजेडाची छटा ४००० ते ५००० केल्विन लिहिलेला घ्या.

मोठे वॉश सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत करा. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर पसरा. मागचा ओलावा पुढची बाजू बराच वेळ ओली ठेवतो. तेवढ्यापुरता पंखा आणि कूलरचा झोत बंद. मे महिन्यात खानदेशात याला पर्याय मला तरी सापडला नाही. रात्रीच्या वीस मिनिटांना फक्त सुक्यावरचं काम ठेवा, पानांच्या शिरा, चिंध्यांच्या कडा, खोडाची सुकलेली सालं. तिथे गॉश हा दाट जलरंगही चालेल. अपारदर्शक असल्याने वरून उजेड बसवता येतो आणि सुकलेली कड पाण्याने पुन्हा हलवता येते.

पॅलेट धुऊ नका. जलरंग सुकला तरी पाण्याने परत उठतो. सगळं एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून डबा कपाटावर ठेवा, मांडामांडीची पंधरा मिनिटं दोनवर येतील.

बाळ तोंडात घालतो म्हणालात म्हणून आवर्जून सांगतो, ट्यूबवरचे रंगद्रव्याचे क्रमांक वाचा. पीवाय ३५, पीवाय ३७, पीआर १०८ हे कॅडमियम या विषारी धातूचे. ते घरातून काढूनच टाका. पिवळ्यासाठी पीवाय ३ घ्या, केळीच्या हिरव्याला तो उलट जास्त स्वच्छ बसतो. ब्रशचं पाणी लगेच ओतून द्या. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो म्हणून सोयीचा वाटेल, पण टर्पेंटाइनची वाफ आणि लहान मुलं एका खोलीत नकोत.

चाळीसगावकर

आमच्या गावच्या केकी मूस यांची छायाचित्रं बघितलीत का? आयुष्याचा फार मोठा भाग ते स्टेशनजवळच्या घरातच राहिले आणि टेबलावर वस्तू मांडून काम करत राहिले. ते एकट्याचं आयुष्य होतं, तुमच्याशी तुलना करत नाही. पण त्यांची टेबलावर वस्तू मांडायची पद्धत घ्यावी असं वाटतं. केळीचं एक फाटकं पान आणून खिडकीत टांगा. बागेत जायला महिनाभर जमलं नाही तरी पान समोर राहील. सुकत जाईल तसे त्याचे रंगही बघायला मिळतील.

केळीचं पान (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचं लिखाण कागदावर उतरवून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. पीवाय ३५ ची ट्यूब निघाली माझ्याकडे, काढून टाकली.

सासूबाईंना काल रात्री विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "मंग मले आधी काहून नाही सांगितलं?" रविवारी आणि बुधवारी सकाळी सहा ते सात बाळ त्यांच्याकडे.

लेकीजवळ बसून तापीकाठ ताईंनी सांगितलं तसंच बोलले. ती ऐकून घेऊन खेळायला गेली. डबी अजून दप्तरातच आहे. पण आज संध्याकाळी पाटाजवळ आली, कागदाला हात न लावता वाकून बघितलं आणि विचारलं, "सुकला का हा?" मी हो म्हटलं. मग तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

आभाळात अल्ट्रामरीन निळा आहे, तो पाण्याने उठतो, म्हणून ओल्या ब्रशने ती रेघ बरीचशी घालवता येईल हे मला माहीत आहे. मी ती ठेवणार आहे. फक्त आता पानं तिच्या खालीच थांबवावी लागतील, म्हणजे रचना बदलते. डावीकडचं मोठं पान खाली आणलं तर उजवीकडचं खोड फार उघडं पडतं. सर, तिथे दुसरं फाटकं पान आडवं घेऊ, की घड लोंबता दाखवू?