एकट्याने अटलांटिक पार करायचाय, २७ फुटी बोट, पैसे आधी कुठे घालू?

अलिबागकर_दर्यावर

नमस्कार मंडळी, मूळचा अलिबागचा, गेली सात वर्षं नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी इथे एक जुनी अल्बिन व्हेगा घेतली, २७ फुटी, फायबरग्लासची, १९७४ सालची स्वीडिश बोट. सध्या लागोशला असते. किनाऱ्याकिनाऱ्याने कादिझपर्यंत जाऊन आलोय आणि गेल्या वर्षी एका मित्राला घेऊन मदेइरा केलं. आता नोव्हेंबरात कॅनरी बेटांवर पोचायचं आणि तिथून एकट्याने बार्बाडोस, लास पाल्मासहून साधारण २७०० नॉटिकल मैल. माझी बोट दिवसाला १०० मैल धरली तर २७ दिवस.

बोटीवर खर्च करायला ९००० युरो आहेत, त्याच्या वर एक पैसा नाही. यादी मोठी झालीय: लिथियम बॅटऱ्या, सोलर, नवा चार्टप्लॉटर, खाऱ्या पाण्याचं गोडं करायचं वॉटरमेकर मशीन, लाइफराफ्ट, विंडव्हेन म्हणजे वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणारं यंत्र, डोलकाठीच्या तारा म्हणजे अख्खं रिगिंग. रिगिंग शेवटचं कधी बदललं त्याचे कागद जुन्या मालकाकडे नव्हते, पण दिसायला चकचकीत आहे, गंज कुठेच नाही. टिलर पायलट (विजेवर सुकाणू धरणारं यंत्र) आहे आणि तो मदेइराला जाता-येता मस्त चालला, म्हणून मला वाटतंय की रिगिंग आणि विंडव्हेन पुढच्या वर्षावर टाकावं आणि वॉटरमेकर घ्यावा, कारण पाणी संपण्याची भीती सगळ्यात जास्त वाटते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? घरी आईला अजून सांगितलेलं नाही, तिला सांगायच्या आधी माझं मलाच नीट पटलेलं असायला हवं.

खारा_वारा

आधी मनापासून शुभेच्छा, आणि आता स्पष्ट बोलतो, तुझी यादी उलटी आहे. वॉटरमेकर शेवटी आणि रिगिंग सगळ्यात आधी.

स्टेनलेसच्या तारेचं दिसण्यावर जाऊ नकोस. ही तार एकोणीस बारीक तारांची वळलेली असते आणि ती कुजते ती मधे नाही, खालच्या टर्मिनलच्या, म्हणजे टोकाच्या फिटिंगच्या, तोंडाशी, जिथे खारं पाणी ओघळून आत मुरतं आणि बसून राहतं. स्टेनलेसला चकाकी टिकवायला हवेतला ऑक्सिजन लागतो, तो जिथे पोचत नाही तिथे ते आतून खाल्लं जातं आणि बाहेरून कळत नाही. चेनप्लेटचं, म्हणजे तारा बोटीला अडकवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं, तेच, डेकच्या वर आरशासारखी आणि डेकच्या जाडीत जो इंचभर भाग लपलेला असतो तिथे चीर. म्हणून चेनप्लेट उपसून काढून बघायच्या, जागेवर बघून काही उपयोग नाही. साधारण दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलतातच, आणि तुझ्या तारांचं वय कोणालाच माहीत नाही म्हणजे त्या म्हाताऱ्या धरायच्या.

शिवाय व्हेगाची डोलकाठी डेकवर उभी असते, खाली कीलपर्यंत जात नाही, तिचा सगळा भार आतल्या आडव्या तुळईवर येतो. जुन्या व्हेगांमध्ये ती तुळई दबते. केबिनचं पुढचं दार घासतंय का, अडकतंय का ते बघ, अडकत असेल तर तिथून सुरुवात कर. बोटीच्या आकाराची मात्र काळजी करू नकोस, मॅट रदरफर्ड २०११-१२ मध्ये २७ फुटी व्हेगा घेऊनच एकटा, कुठेही न थांबता, दोन्ही अमेरिका खंडांना फेरी मारून आला, ३०९ दिवस.

आमच्यावर बेतलेलं एक सांगतो. गोव्याहून मुंबईला एका मित्राची ३० फुटी बोट आणत होतो, रिगिंग नवं कोरं, एका यार्डाने नुकतंच करून दिलेलं. रात्री विजयदुर्गाच्या बाहेर असताना 'टक्' असा बारीक आवाज आला, परत दहा मिनिटांनी 'टक्'. बॅटरी घेऊन बाजूने सरकत गेलो तर वाऱ्याकडच्या खालच्या तारेची पिन अर्धी बाहेर आलेली आणि प्रत्येक लाटेला केसभर सरकतेय. त्या पिनेला अडवणारी जी छोटी स्प्लिट पिन असते तिचे पाय यार्डातल्या माणसाने वाकवलेच नव्हते, ती कधीच गळून समुद्रात गेलेली. ताबडतोब बोट दुसऱ्या टॅकवर घेतली, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूने घेतला, त्या बाजूचा भार उतरला, तार सैल पडली, मग हातोडीच्या दोन टोल्यांत पिन आत गेली. आम्ही तिघे होतो म्हणून एक जण सुकाणूवर, एक बॅटरी धरून आणि मी पिनेपाशी. तू एकटा असशील. त्या दिवसापासून दुसऱ्या कोणी केलेलं काम मी स्वतःच्या बोटांनी चाचपल्याशिवाय समुद्रात जात नाही.

त्यामुळे तारा स्वतः बदल. दाबून बसवायच्या टर्मिनलऐवजी स्टा-लॉकसारखी पान्याने आवळायची टर्मिनल घे, ती समुद्रातसुद्धा उघडून परत बसवता येतात. बोटीवर सगळ्यात लांब तारेहून थोडी जास्त लांब एक तार, चार-पाच बुलडॉग क्लॅम्प आणि मोठा बोल्ट कटर ठेवच. डोलकाठी पडलीच तर ती तारांनी बोटीला अडकून राहते आणि प्रत्येक लाटेला बोटीवर आदळून तिला भोक पाडते, तेव्हा ती कापून सोडून द्यावी लागते.

सोलेंटकाठची

दादाचं रिगिंगबद्दल शंभर टक्के खरं. मी इंग्लंडमध्ये असते, एकटीने बिस्केचं आखात दोनदा ओलांडलंय, अटलांटिक नाही, म्हणून मला जे माहितीय तेवढंच लिहिते.

टिलर पायलट मदेइराला चालला कारण चार-पाच दिवसच होते आणि सोबत माणूस होता. ट्रेड विंडमध्ये, म्हणजे तिकडे पश्चिमेकडे सतत वाहणाऱ्या वाऱ्यांत, वारा आणि लाटा दोन्ही मागून येणार, बोट सारखी इकडून तिकडे मान फिरवणार, आणि तेव्हाच त्या पायलटला सगळ्यात जास्त काम पडतं. त्याची मोटर छोटी, वीज खातो, खारं पाणी आत गेलं की संपला. माझा बिस्केमध्ये दुसऱ्या रात्री बंद पडला. पुढचे तीस तास मी टिलर हातात धरून होते, शेवटी शेवटी मला कॉकपिटमध्ये समोर कोणीतरी बसलंय असं स्पष्ट दिसत होतं आणि मी त्याच्याशी मराठीत बोलत होते. झोप नाही मिळाली की डोकं असं चालतं, आणि त्या डोक्याने तुला शिडं कमी करायची, बंदराच्या तोंडाशी निर्णय घ्यायचे.

विंडव्हेनला वीज लागतच नाही. वरचं पातं वाऱ्याने कलतं, ते पाण्यातलं पातं फिरवतं, आणि बोटीच्या वेगामुळे त्या पाण्यातल्या पात्यावर जो जोर येतो तो दोऱ्यांनी टिलर ओढतो. वारा वाढला की तिची ताकदही वाढते. एरीज किंवा मॉनिटर बनावटीची जुनी विंडव्हेन मिळते का बघ. आणि विंडव्हेन असूनही बोट शिडांनी तोलायला शीक. सुहैली ही बोट आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी, ३२ फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये तिच्यातून ३१२ दिवसांत एकटा, न थांबता जगाला फेरी मारून आला, आणि त्याची विंडव्हेन ऑस्ट्रेलियाजवळच मोडली होती, तिथून पुढे इंग्लंडपर्यंत मुख्यतः शिडं तोलूनच.

झोपेचं गणित एकदा कागदावर मांड. तुझी नजर पाण्यापासून दोन मीटरवर, समोरच्या जहाजाचा दिवा २० मीटरवर, तर स्वच्छ रात्री तो साधारण १२ मैलांवरून दिसायला लागतो. जहाज २० नॉटने येतंय, तू ५ ने त्याच्याकडे जातोयस, म्हणजे २५, म्हणजे क्षितिजावर काहीच नव्हतं तिथपासून टक्कर व्हायला अर्ध्या तासाहूनही कमी. म्हणून लोक वीस मिनिटांचा गजर लावतात. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर थोडं जास्त झोपता येतं, पण त्यासाठी एआयएस (जहाजांची जागा रेडिओवर कळवणारं यंत्र) हवा, नुसता ऐकणारा नाही, तुझी जागा जहाजांना सांगणारा, आणि त्याचा गजर तुझ्या कानाशी वाजला पाहिजे. रडारचे पैसे वाचव.

आणि एक, हात जोडून सांगते. दोघं असताना कोणी पाण्यात पडलं तर दुसरा बोट वळवतो. एकट्याच्या बाबतीत विंडव्हेन इमानेइतबारे बोट पुढे घेऊन जाते. म्हणून डेकवर पुढून मागे जाणारा पट्टा आणि हार्नेसची दोरी इतकी आखूड की पडलास तरी कठड्याच्या आतच राहशील. केबिनमधून बाहेर पडायच्या आधी हुक लावायचा, दिवसा, शांत समुद्रात, लघवीला जातानासुद्धा.

अलिबागकर_दर्यावर

ताई, दादा, दोघांचे खूप आभार. केबिनचं दार खरंच घासतं, मी ते लाकूड फुगलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. शनिवारी सगळं उघडून बघतो. पण मग पाण्याचं काय करू? टाकी ७० लिटरची एकच आहे.

हर्णैचा_नाखवा

पाण्याचं मी सांगतो. आमचे आजोबा गलबतावर तांडेल होते, मंगलोरची कौलं घेऊन वर मुंबईपर्यंत. पाण्याची पिंपं कधी एक नसायची, फुटलं किंवा नासलं तर सगळं जाऊ नये म्हणून. तुझं गणित सोपं आहे रे, २७ दिवस धरलेस ना, चाळीस धर, दिवसाला चार लिटर, झाले १६० लिटर. टाकीतले ७० आणि बाकीचं दहा-दहा लिटरच्या कॅनमध्ये, दहा कॅन घे, सगळे खाली आणि मधोमध बांधून ठेव, टोकाला ठेवलेस तर बोट नाळेवर जड होईल. वॉटरमेकर बंद पडला तर तुझ्याकडे काय उरणार, कॅन काय बंद पडत नाही. कॅन काठोकाठ भरू नकोस, थोडी जागा ठेवलीस तर समुद्रात पडला तरी तरंगतो. भांडी खाऱ्या पाण्यातच धुवायची.

दुसरं घासणं. आजोबा म्हणायचे दोर तुटत नाही, झिजतो. ट्रेड विंडमध्ये तीन-तीन आठवडे शीड एकाच बाजूला, दोर एकाच जागी घासणार, चोवीस तास. ते जिथे दोर वळतो तिथे जुन्या सुंभाचे वेढे घालायचे, तू जुना पाण्याचा पाइप चिरून चढव. आणि रोज सकाळी दोर चार बोटं पुढे किंवा मागे घे म्हणजे घासायची जागा बदलते. मेनसेलचं कापड तारेवर टेकतं तिथे ठिगळ आधीच शिवून घे.

आणि घाई करू नकोस. आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नाहीत, कितीही ऊन पडलं तरी. तिकडचा वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत धरतात, आणि ट्रेड विंड नीट बसायला त्यानंतरही वेळ लागतो. नाताळ लास पाल्मासला कर आणि मग निघ. लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जायचं आणि मग पश्चिमेला वळायचं, असं जुने गोरे खलाशी सांगायचे. वाटेत काही बिघडलंच तर केप व्हर्देच्या मिंदेलोला शिरायला लाज वाटून घेऊ नकोस.

खारा_वारा

नाखवांनी लाखातलं सांगितलं. एक भर. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले, पण त्याच्या आधी त्यांची बोट म्हादेई गोव्यात दिवाडीच्या यार्डात बांधली जात असताना ते तिच्या कामात होते, त्यामुळे कुठला बोल्ट कुठे जातो हे त्यांना माहीत होतं. अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीत डोलकाठी मोडून, पाठीला जबर मार लागून वाचले आणि २०२२ च्या त्याच शर्यतीत परत उतरून दुसरे आले, त्यात विंडव्हेनची पाती तुटली तेव्हा बोटीतलंच सामान कापून नवीन बनवली. तुला नवी बोट बांधायची नाहीये, पण तुझी बोट तुला तेवढी ओळखीची करून घे. प्रत्येक सी-कॉकशेजारी, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाण्याच्या भोकाच्या झडपेशेजारी, मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेव आणि अंधारात डोळे मिटून तिथपर्यंत हात जातो का बघ.

देशावरची_सुगरण

मला बोटीतलं काही कळत नाही, भाऊ मर्चंट नेव्हीत आहे म्हणून हे वाचते. पण जेवणाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. छोटा प्रेशर कुकर ने, झाकण पक्कं बसतं, बोट कलंडली तरी उकळतं वरण अंगावर येत नाही, गॅसही कमी लागतो. भाजलेलं सातूचं पीठ, मेतकूट, दडपे पोह्यांचं सामान, गूळ-शेंगदाणे, लसणाची सुकी चटणी, कोकम आगळ. पहिले तीन-चार दिवस पोट डचमळत असताना स्वयंपाक होणार नाही, तेव्हा नुसतं पाणी घालून खाता येईल असं डोक्याशी ठेव. आणि आईला सांग रे बाबा. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर फार लागेल तिला.

अलिबागकर_दर्यावर

शनिवार-रविवार दोन्ही दिवस बोटीवर होतो. डावीकडची मधली चेनप्लेट उपसली, डेकच्या जाडीत जिथे ती लपलेली होती तिथे तपकिरी डाग, रंगाचं केमिकल लावून पुसल्यावर लाल रेघ उमटली, भोकापासून कडेपर्यंत. अंगठ्याने दाबून वाकेल असं नाही, पण चीर आहे. भिंगातून बघितलं तर तीन टर्मिनलच्या तोंडाशी केसासारख्या रेषा. हीच बोट घेऊन मी मदेइराला जाऊन आलो.

तुळई मधे दबलीय, पट्टी लावून मोजली, सहा मिलिमीटर. खालून जाड लाकडी कमान आणि स्टीलची पट्टी देतोय, डोलकाठी पुढच्या आठवड्यात क्रेनने उतरवणार.

वॉटरमेकर, रडार, नवा प्लॉटर तिन्ही यादीतून काढले. रिगिंग आणि चेनप्लेट सगळ्या नव्या, एक जुनी एरीज पोर्तिमाओला मिळतेय ती उद्या बघायला जातो, लाइफराफ्ट भाड्याने, ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहाला जागा कळवणारं यंत्र) नवा घेऊन नावावर नोंदवणार, एआयएस ट्रान्सपाँडर, दहा कॅन. सप्टेंबरात तीन रात्री किनाऱ्यापासून दूर एकटाच राहून वीस मिनिटांच्या झोपेची सवय करून बघणार, आणि नाही जमलं तर यंदा कॅनरीपर्यंतच.

आईला काल फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, बोटीचं नाव काय ठेवलंस. जुन्या मालकाने ठेवलेलं स्वीडिश नाव अजून तसंच आहे, ते सांगितलं, तर म्हणाली ते बदल आधी, मी सुचवते.

खारा_वारा दादा, एरीज बघताना नेमकं काय तपासू? गिअरचे दात आणि बुशिंग एवढंच सुचतंय मला.

खारा_वारा

दात, बुशिंग, आणि पाण्यातल्या पात्याचा दांडा हाताने दोन्ही बाजूंना हलवून बघ, नुसता फिरला पाहिजे, खडखडला नाही पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात जिथे स्टेनलेसचे बोल्ट घुसलेत तिथे पांढरी भुकटी आलीय का बघ, आली असेल तर बोल्ट निघतात का ते त्याच्यासमोरच करून बघ. आणि मागची बोटीला लावायची नळी तुझ्या व्हेगाच्या मागच्या आकाराला बसते का, त्याचं माप आज रात्रीच घेऊन जा. फोटो टाक इथे.